नाव घालून वाक्य करा

"स्टबर्न म्हणजे हट्टी," जुईली म्हणाली. "चला, वाक्य करा."

"लीला इज स्टबर्न." खाटेवरून गेणबाचं उत्तर तयारच होतं.

लीलाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "माय हसबंड इज स्टबर्न. लई स्टबर्न."

"हसबंड नको ना आजी. आबांसारखं नाव घालून करा."

लीलाबाईनं पदर तोंडाला लावला आणि हसून मान हलवली.

माले गावातल्या त्यांच्या घराची वरची खोली जुईलीनं भाड्यानं घेतली होती. दोन दिवस हिंजवडीला ऑफिस, बाकी काम घरूनच. ती फोनवर इंग्रजीत बोलायची, हसायची. आपल्यालाच हसत असली तर निदान कळायला हवं, म्हणून गेणबानं ही शिकवणी तिच्याकडून मागून घेतली होती. रोज एक शब्द, त्याचा अर्थ आणि घरातलंच खरंखुरं वाक्य. म्हातारा पहिल्या दिवसापासून रंगात. 'बफेलो इज अँग्री' झालं, 'शेखर इज लेझी' झालं. त्यावर कॅब चालवून दमून आलेला शेखर, त्याचा मुलगा, तोही हसला. पाहता पाहता लीलाबाईही शिकवणीत ओढली गेली.

मग गेणबाच्या पोटात पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी शेखरला बाजूला घेऊन काय ते सांगितलं, आणि त्याचा चेहरा पाहून घरात सगळ्यांना कळलं. गेणबाला तर आधीच कळलं होतं. त्यानं डॉक्टर बदला म्हटलं नाही की देवाला नवस बोला म्हटलं नाही. एकच हट्ट धरला.

"एकदा नावानं बोल की. लग्नापास्नं 'आवं' आन् 'आयकलं का' ह्याच्यावरच भागवलंस."

"उखाण्यात घेतलंय की नाव."

"ते लोकांसाठी. मला कुटं हाक मारलीस?"

"नवऱ्याला नावानं हाक मारली की त्याचं आयुष्य घटतं. आय सांगायची."

"आगं, इंग्रजीत घेतल्यावर देवाला कळतंय व्हय?"

"देवाला समदं कळतं. तुमी बरं व्हा, मग बगू."

तिला घ्यावंसं वाटत नव्हतं असं नाही. एकदा गोठ्यात शेण भरताना नाव अगदी ओठांवर आलं होतं. तिनं जीभ चावली आणि घरात येऊन देवापुढं नाक घासलं. आधीच मोजके दिवस राहिलेले. त्यातला एक आपल्या तोंडानं कसा घालवायचा? बाकी तिच्या हातात होतं तरी काय. औषधं डॉक्टरांची, पैसे शेखरचे. नाव न घेणं तेवढं तिचं होतं, आणि ते ती जिवापाड सांभाळत होती.

त्या दुपारी जुईली चहाचा कप घेऊन खाली आली. गेणबाला धाप लागली होती. शिकवणी राहू दे, असं ती म्हणणार होती, पण त्यानंच बोटानं खूण केली.

"नियर," ती खाटेपाशी बसत म्हणाली. "नियर म्हणजे जवळ."

गेणबाला बराच वेळ लागला. "लीला... इज... नियर."

मग तो लीलाबाईकडे बघत राहिला. आता पाळी तिची होती. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. नाव पुन्हा ओठांवर आलं होतं.

"ही इज नियर," ती म्हणाली.

गेणबानं डोळे मिटले. "चालतंय," तो म्हणाला.

दिवेलागणीच्या आत तो गेला.

दिवसकार्य आटोपल्यावर मृत्यूच्या दाखल्यासाठी शेखर लीलाबाईला ग्रामपंचायतीत घेऊन गेला. आधारकार्डाची झेरॉक्स राहिली म्हणून तो बाहेर पळाला, तेवढ्यात तिचा नंबर लागला. कॉम्प्युटरवरचा ऑपरेटर नवीन होता, गावातला नव्हता.

"मयताचं नाव?"

तिनं सवयीनं दाराकडे पाहिलं. शेखर आला नव्हता. मागं माणसं ताटकळली होती. तिनं पदर सारखा केला. आता घटायला काही उरलं नव्हतं.

"गेणबा."

"मोठ्यानं सांगा, आजी."

"गेणबा."

ऑपरेटरनं टाइप केलं.

"गेणबा," ती पुन्हा म्हणाली, दूर गेलेल्या माणसाला हाक मारावी तशी.

"लिहिलं, आजी," ऑपरेटर म्हणाला. "लिहिलं मी."