मल्लव्वाचे रिकामे सापळे

मल्लव्वा बांधावर बसली आणि पाटीतलं एकेक वांगं विळ्याने चिरत सुटली. वरून कशी जांभळी, तुकतुकीत वांगी! आणि आत अळी, तिची घाण, काळी पडलेली वाट. गडहिंग्लजच्या बाजारात असल्या मालाला कोण हात लावणार? ऊन चटके देत होतं, तरी ती चिरतच राहिली.

हे पीक तिला काहीही करून आणायचं होतं. नवरा गेल्यावर माहेरी येऊन तिने बापाच्या रानातला वाटा मागितला, तेव्हा गावाने तोंडात बोट घातलं. बहिणींनी हक्क सोडल्याची सही करून मोकळं व्हायचं, ही इथली रीत. पण धाकटा भाऊ चन्नाप्पा, तिचा तम्मा, पंचांसमोर म्हणाला होता, "कर की अक्का एक हंगाम! पिकलं तर रान तुझं, न्हाय पिकलं तर सही करून दे." भाऊ असावा तर असा, असं तिला वाटलं होतं.

कामगंध सापळेही त्यानेच बांधून दिले. काठीला प्लास्टिकचं नरसाळं, खाली पिशवी, वर झाकणाला रबराची गोळी.

"गोळीला अळीच्या मादी पाखराचा वास असतोय," भाकरी खाता खाता तो सांगत होता. "नराच्या मिशा म्हंजे त्येचं नाक. लांबनं वास आला की मोबाईलला रेंज आल्यागत हुतंय. मादी म्हणून येतंय आणि पिशवीत पडतंय. पाखरू पडलं तर कीड आली समज. न्हाय पडलं तर निवांत ऱ्हा."

एकही पाखरू पडलं नाही. खुळी मल्लव्वा काठ्यांना विभूतीचं बोट लावत राहिली आणि निवांत राहिली. ना शेंडे खुडले, ना औषध मारलं.

आता चिरलेली वांगी तशीच टाकून ती रस्त्यावर गेली आणि मोटारसायकलवरून चाललेल्या सोमशेखरला हात केला. हा गावचा कृषी सहायक, गोळ्या त्यानेच वाटलेल्या. त्याने रानात येऊन सापळ्याचं झाकण काढलं आणि गोळी निरखून पाहिली.

"मावशी, ही कापसाच्या बोंडअळीची हाय. वांग्याच्या पाखराला ह्येचा पत्ताबी लागत न्हाय. त्येच्या मिशांना त्येच्याच जातीच्या मादीचा वास कळतोय."

"मग वांग्याच्या?"

"तुमच्या दोघांच्या चन्नाप्पांकडंच दिलत्या की. ह्या कापसाच्या नमुन्याला आलत्या, त्या त्येंनी मागून नेल्या. हुबळीचं पावणं कापूस करत्यात म्हणालं."

मल्लव्वाने आज पहिल्यांदाच भावाच्या रानाकडे निरखून पाहिलं. बांधापलीकडे चन्नाप्पाच्या वांग्यात दुप्पट दाट सापळे उभे होते, आणि त्यांच्या पिशव्या पाखरांनी भरल्या होत्या. ती बांध ओलांडून गेली आणि एकाआड एक झाकण उघडून गोळ्या काढू लागली. चन्नाप्पा पळत आला.

"अक्का, अगं काय करतीस?"

"माझ्या वाट्याच्या नेतो."

"चुकून अदलाबदल झाली असंल."

"आणि हुबळीचं पावणं कुठलं रं, तम्मा? तुझं-माझं पावणं एकच की, हुबळीत आपलं कोण हाय?"

चन्नाप्पाची मान खाली गेली. "बाईमाणसाला रान झेपत न्हाय, अक्का. तुझ्याच भल्याचं..."

"मग पंचांम्होरं न्हाय म्हणायचं हुतंस! मीबी चार शब्द बोललो असतो आणि फिटलं असतं. माझ्या हातची भाकरी खात खात फसवलंस. त्या पाखराला गोळी तरी लागती. मला तू नुसतं अक्का म्हणालास, तेवढ्यावर आलो." तिला रडू फुटलं, ते तिने पदराने पुसून टाकलं. "झाडं अजून फुलावर हायत. हंगाम सरला न्हाय. सही मागाय आलास तर बघ."

दिवसभर तिने किडके शेंडे खुडले, पोखरलेली फळं खड्ड्यात पुरली. गोळ्या बदलल्या. विभूती मात्र कुठल्याच काठीला लावली नाही.

दिवस मावळायला बांधापलीकडून हाक आली, "अक्का, जरा ऐक की गं..."

आणि काय सांगावं, मल्लव्वाचे पाय बांधाकडे वळलेच. दोन पावलं पुढे गेल्यावर तिला कळलं, आणि आपल्याच पायांचा तिला असा संताप आला! ती तिथंच खाली बसली आणि हाताशी आलेला किडका शेंडा खुडून पाटीत टाकला.