सगळ्यात वरचं मॉडेल

"मशीन बंद झालंय, आज्जी," मुलगी म्हणाली.

पद्माबाईंना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

"बंद पडलंय म्हून तर आणलंय, बाई," त्या म्हणाल्या. कान गेलेली माणसं बोलतात तसं, जरा मोठ्यानंच. बाकावर बसलेली दोन-तीन माणसं वळून बघायला लागली.

पांढरा अ‍ॅप्रन घातलेल्या त्या मुलीनं मान हलवली, कागद पुढं ओढला आणि त्यावर लिहिलं : बिघडलंय ते वेगळं. कंपनीनं हे मॉडेलच बंद केलंय. याचे सुटे भाग आता येत नाहीत.

पद्माबाईंनी चौथीपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर अक्षराला अक्षर लावून ते वाचलं. दोनदा वाचलं.

"तीन वर्षं बी झाली न्हाईत की."

मुलीनं खाली लिहिलं : याच्यानंतर तीन नवी मॉडेलं आली. आणि तिनं एक गुळगुळीत रंगीत कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं बागेत बसून हसत होतं. काचेच्या टेबलावर पद्माबाईंचं कानाचं मशीन पडलं होतं, भिजवलेल्या हरभऱ्याएवढं. बाहेर गुलबर्ग्याचा रस्ता भरून वाहत होता, रिक्षा, बस, माणसं. पण सगळं पाण्याखालून चालल्यासारखं, आवाजावाचून.

तीस वर्षं पद्माबाईंनी मुडबी गावात पिठाची गिरणी चालवली. म्हणजे गिरणी नवऱ्याची, लिंगाप्पाची. पण पट्टा चढवणं, दळणाचे डबे रांगेत लावणं, ज्वारीवर गहू पडू न देणं, हे सगळं त्यांचंच. आधी डिझेलचं इंजिन होतं, मागून मोटार आली. गिरणीलाच लागून घर. त्या गरगराटात कान कधी गेले ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. एक दिवस शेजारची निलम्मा समोर उभी राहून तोंड हलवत होती आणि पद्माबाईंना वाटलं, ही थट्टा करायलीय.

गिरणीतल्या माणसांचा संसार मोजक्या शब्दांत होतो. "चालू कर." "थांब." "लाईट गेली." लिंगाप्पाचा आवाज तर असा दांडगा की चालू गिरणीतून त्यानं हाक मारली तर वेशीतला माणूस थांबायचा. पण मोठ्या आवाजात बोलता येतात त्या गोष्टी थोड्याच असतात. बाकीच्या राहूनच गेल्या.

मग दोन हजार सहा साली लिंगाप्पाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि तो दांडगा आवाज सुतासारखा बारीक झाला. एक माणूस बोलू शकत नाही, दुसऱ्याला ऐकू येत नाही. दोघं ओसरीवर समोरासमोर बसायची आणि एकमेकांकडं बघून हसायची.

त्यांचा मुलगा रविकुमार हैदराबादला मोबाईलच्या मोठ्या दुकानात होता. दोन हजार आठच्या दिवाळीत त्यानं आईला गुलबर्ग्याला नेलं, कान तपासले आणि हे मशीन घेतलं. "सगळ्यात वरचं मॉडेल हाय माय," तो म्हणाला. "याच्यावर काहीच न्हाई." दागिना ठेवावा तशा मखमलीच्या डबीत ते ठेवलेलं होतं.

पहिले काही महिने सगळे आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखे. डोकं ठणकायचं. पण हळूहळू, नव्या वहाणा पायात बसाव्यात तसे, आवाज कानात बसले. आणि मग पद्माबाईंना एक वेगळंच गाव लाभलं. चिमण्या फरशीवर सांडलेले दाणे टिपायच्या त्याची टकटक. डब्यात पडणाऱ्या पिठाची सुस्स अशी धार. भाकरी थापताना स्वतःच्याच बांगड्या. वारं आलं की दारातल्या कडुलिंबाची सळसळ, आधी शेंड्याला, मग खाली उतरत उतरत. त्या कामं सोडून ऐकत उभ्या राहायच्या. निलम्मा विचारायची, "पद्माक्का, काय बघायलीस वर?" "बघत न्हाई गं, ऐकायलेय."

आणि लिंगाप्पाचा आवाज. बारीक, जड जिभेचा, मधेच श्वासात विरून जाणारा. पण त्यांना तो अगदी कानाशी आल्यासारखा ऐकू यायचा.

दुपारी लाईट गेली की गिरणी बंद व्हायची. त्या ओसरीवर पाय पसरून बसायच्या आणि लिंगाप्पा बोलायचा. गिरणी घेण्याच्या आधीचं, लग्नाच्या आधीचं. त्याच्या घरची मेंढरं होती. सुगी झाली की सगळं घर मेंढरांमागं निघायचं, मुडबीवरून आळंदकडं, तिथून खाली भीमेपर्यंत. वाटेत शेताशेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं. लिंगाप्पा ही वाट एका दिवसाला एक मुक्काम अशी सांगायचा. जास्त बोललं की दम लागायचा.

"आज कुठं हाव आपण?" पद्माबाई विचारायच्या.

"आळंदच्या अलीकडं. वढा हाय. पाणी लई गोड."

मग तो सांगायचा, तिथं एक मेंढी कशी वाटेतच व्याली, पिलू घोंगडीत घेऊन चालताना छातीशी ते कसं गरम लागत होतं. पद्माबाई डोळे मिटून घ्यायच्या. त्यांना धुरळा दिसायचा, धुरळ्यात हलणाऱ्या पाठी दिसायच्या, पुढं चाललेलं घोडं, त्यावर बांधलेली भांडी. चाळीस वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याबरोबर बिदरच्या पुढं कुठं गेल्या नव्हत्या. आता रोज दुपारी थोडं थोडं चालत होत्या. कधी एकाच ओढ्याकाठी आठ-आठ दिवस मुक्काम पडायचा, कारण त्याला तिथलं आणखी काही आठवायचं. वाट संपायची घाई दोघांनाही नव्हती.

मधल्या काळात रविकुमार यायचा तो दर वेळी नवा फोन घेऊन. जुना कपाटात पडायचा. "माय, तुझ्या मशीनच्या पुढचं आलंय आता," तो सांगायचा. "बारीक, दिसत बी न्हाई."

"दिसलं तर दिसू दे की. मला ह्याची सवय झालीय."

श्रावण लागला त्या सुमारास दोघं, ओसरीवर बसल्या बसल्या, करजगीला पोहोचली. लिंगाप्पानं त्या दुपारी आधी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाला, "सकाळी भीमा उतरायची होती. मोठा उतार हाय तिथं, कमरेइतकं पाणी." श्वास घेऊन पुढं म्हणाला, "पल्याड गेल्यावर एक घडलं, पद्मा. मी कुणालाच सांगितलं न्हाई आजवर."

"काय वो?"

"उद्या सांगतो. दम लागलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पद्माबाईंनी मशीन कानात घातलं आणि काहीच आलं नाही. सेल बदलला. पुसलं, उन्हात धरलं. तोंडाशी नेऊन फुंकर घातली. ओल लागून आत काही तरी बिघडलं होतं. ओसरीवर लिंगाप्पा ओठ हलवत होता, पण त्या लुळ्या ओठांवरून काही लागत नव्हतं, आणि लिहायला तो कधी शिकलाच नव्हता.

रविकुमार गणपतीला आला तेव्हा त्याला गुलबर्ग्याचं, अर्धी राहिलेल्या गोष्टीचं, सगळं सांगितलं. तो वडिलांजवळ गेला, त्यांच्या तोंडाशी कान नेला आणि म्हणाला, "मला सांगा अप्पा, मी मायला लिहून दाखवतो." लिंगाप्पानं त्याच्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं त्याचा गाल हलकेच बाजूला सारला. ते पोराला सांगायचं नव्हतं.

मग रविकुमारनं फोनवर फोन केले. हैदराबादला दुरुस्तीच्या बोळांतून फिरला, पुण्याच्या मित्राला विचारायला लावलं. कुठंच भाग मिळाला नाही. परत आला तेव्हा कागदावर लिहून सांगण्याइतका धीर त्याला राहिला नव्हता, हातवारे करत मोठ्यानं म्हणाला, "असंच असतंय माय. नवीन आलं की जुन्याचं सामान बंद. आमच्याकडं बी तसंच."

पद्माबाईंनी त्याच्या तोंडाकडं नीट बघून ते ओळखलं. "तू बी लोकास्नी असंच सांगतोस?"

त्यानं मान खाली घातली. मग मान हलवून "व्हय" म्हणाला.

नवं मशीन आलं ते दसऱ्याच्या आधी. हेही सगळ्यात वरचं. गुलबर्ग्यातल्या त्याच मुलीनं ते कानात बसवलं आणि विचारलं, "आज्जी, ऐकू येतंय?" आणि तिचा आवाज इतका स्वच्छ आला, घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यासारखा, की पद्माबाई दचकल्या. रविकुमारचा आवाज तसाच. बाकावरच्या बाईचाही. सगळ्यांचे चेहरे उजळले.

मुडबीला येईपर्यंत त्यांना कळेना की काय चुकतंय. घरी आल्यावर कळलं. लिंबाला वारं लागलं होतं, पानं हलत होती आणि लिंब मुका होता. डब्यात पीठ पडत होतं, धार मुकी होती. त्या धावतच ओसरीवर गेल्या. "बोला," म्हणाल्या, "बोला आता." लिंगाप्पा बोलला. पहिला शब्द जेमतेम आला, आणि कुणी तरी हळूच दार लोटून घ्यावं तसा पुढचा आवाज मिटला.

आठवड्यानं त्या पुन्हा गुलबर्ग्याला गेल्या. लिंगाप्पालाही नेलं. मुलीनं कॉम्प्युटरला तार जोडून बराच वेळ खटपट केली. शेवटी समजावून सांगितलं, "नव्या मॉडेलमध्ये ते आपोआप होतं, आज्जी. बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला हे मशीनच ठरवतं. गोंगाट वाटला की दाबून टाकतं. यांचा आवाज श्वासासारखा आहे ना, म्हणून... थोडं कमी करता येतं, मी केलंय. पूर्ण बंद करायची सोय जुन्यात होती. यात नाही."

"माझा नवरा गोंगाट हाय का?" पद्माबाईंनी विचारलं.

मुलीनं तार काढून बाजूला ठेवली. ती चांगली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्माबाईंनीच तिच्या हातावर हात ठेवला. "तू काय करशील बाई. तू थोडंच बनवलंय."

परतीच्या बसमध्ये लिंगाप्पाचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. खिडकीतून तुरीची शेतं मागं जात होती. सगळे म्हणत होते, हळूहळू सवय होईल. आणि सवय झाली की चौथं मॉडेल येईल, हे बंद होईल, पुन्हा पहिल्यापासून कान शिकवायचे. पद्माबाईंनी ठरवलं ते त्या बसमध्येच.

कार्तिकात एक दिवस गिरणीला कुलूप लावून त्यांनी गावातल्या रामकिशनची जीप सांगितली. निलम्मा म्हणाली, "ह्या अशा माणसाला घेऊन कुठं जायलीस गं पद्माक्का? कामून?"

"एक मुक्काम राह्यलाय," त्या म्हणाल्या.

आळंदच्या अलीकडं ओढा आला तेव्हा लिंगाप्पानं जीपच्या दांडीवर बोटांनी टकटक केली. रामकिशननं गाडी थांबवली. ओढ्यात पाणी नव्हतं, वाळूचे ढीग होते. लिंगाप्पा बघत राहिला. पुढं चला, अशी त्यानं मान हलवली. असं तीनदा थांबत दुपारी ते करजगी ओलांडून भीमेवर आले.

रामकिशननं आणि पद्माबाईंनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून काठावर आणलं आणि सावलीत घोंगडी अंथरून बसवलं. नदी रुंद होती, थांबल्यासारखी. रामकिशन म्हणाला, "खाली बांध घातल्यापासनं पाणी असंच फुगून असतंय, मावशी. आता उतार कुठला? सगळं पाण्याखाली." त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला. मग तो गाडीकडं गेला.

लिंगाप्पा पल्याडचा काठ शोधत होता. एका जागी नजर जायची, परत यायची. तिथं कधी काळी झाड असावं. शेवटी त्यानं डावा हात उचलून दाखवलं ती जागा काठावरही नव्हती, काठाच्या अलीकडं, पाण्यातच होती.

तो बोलायला लागला. पद्माबाईंनी मशीनची वाट बघितली नाही. त्या त्याच्या हाताकडं बघत राहिल्या.

त्यानं नाकाशी बोट नेऊन नथीचा आकार दाखवला. कपाळावर मोठं कुंकू लावल्यासारखं केलं. मग छातीवर हात ठेवला.

"आत्याबाई?" पद्माबाईंनी विचारलं. सासू अक्कम्मा. "त्या तर गावात गेल्या की. माझ्याच मांडीवर."

लिंगाप्पानं मान हलवली. न्हाई. त्यानं दोन बोटं वर केली. एक मिटलं. उरलेलं एक पल्याडच्या पाण्याकडं दाखवलं. मग घोंगडीच्या कडेची माती मुठीत घेऊन जमिनीवर ठेवली आणि तळव्यानं हळूहळू थोपटली, एकदा, दोनदा, कितीदा तरी. तोंड हलत होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता.

पद्माबाईंना समजलं. अक्कम्मा त्याची दुसरी आई. पहिली इथं गेली, मेंढरांच्या वाटेवर, आणि तिला तिथं काठाला पुरून मेंढरं पुढं गेली. घरात कुणी तिचं नाव काढलं नसेल. मग गिरणी आली, आणि गिरणीच्या आवाजात असलं काही सांगता येत नाही.

तिचं नाव त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलंही. ओठ एकदा मिटले, उघडले. त्यांनी पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा सांगितलं. ओठांवरून 'म' लागला, पुढचं लागलं नाही. मंगल असेल, महानंदा असेल. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. त्याला दम लागला होता.

त्यांनी पदरानं त्याचा चेहरा पुसला. मग पिशवीतून फडकं काढलं. ज्वारीची भाकरी होती, शेंगाची चटणी होती, गुळाचा खडा होता. एका रुंद पानावर त्यांनी भाकरीचा चतकोर, चटणी आणि गूळ मांडला. काठाचा चिखल तुडवत पाण्यापर्यंत गेल्या.

"मावशी," रामकिशननं वरून हाक मारली, "निघावं लागंल, वाट लांबची हाय."

ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"थांब जरा," पद्माबाई मागं न वळता म्हणाल्या. "सासूबाईस्नी वाढायलेय."

त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, वाकून पान पाण्यावर ठेवलं, आणि दोन्ही हात पाण्याला लावून डोळ्यांना लावले.