आखूड खांब

"खांब आखूड कसा झाला रे?" हातातली फुलांची माळ तशीच धरून मेरितनं विचारलं.

"तुझे डोळे म्हातारे झाले, ताई," एवर्ट म्हणाला आणि दोराच्या गाठीत डोकं घालून बसला.

फुलापानांनी सजवलेला उंच खांब गावानं मिळून उभा करायच्या उन्हाळी सणाला ती कित्येक वर्षांनी गावी आली होती. एवर्टनं घर घासूनपुसून काढलं होतं, वरची खोली उघडली होती, नवे बटाटे उकडले होते. या खेपेला तिला 'आता इथंच राहा' म्हणायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं.

डहाळ्या आणायला ती लाकडांच्या छपरामागे गेली. तिथे खांबाचे कापलेले तुकडे रचून ठेवले होते. वरच्याचं तोंड अजून पांढरंशुभ्र होतं.

"दर वर्षी कापतोस?" फुलं बांधत बसलेल्या बायकांमध्ये परत येऊन तिनं एवर्टला विचारलं.

"काय करू? उभा करायला पुरुष उरलेत किती? मी, लेनार्ट आणि कंबर मोडलेला हिल्डिंग."

"आणि या बायका?"

"बायकांनी फुलं बांधायची. बाबा म्हणायचे..."

"बाबा म्हणायचे, जंगल पोराच्या वाट्याचं, पोरीच्या नाही. म्हणून मी गेले. पाठोपाठ बाकीच्या पोरी गेल्या. खांब कापलास, पण आम्हाला हाक मारायचं सुचलं नाही तुला!"

शेजारची गुनवर कात्री टाकून उठली. "याला विचारतंय कोण? चला गं! सरपण मीच फोडते, तेव्हा नाही कधी म्हणाला, फुलं बांध म्हणून."

हिल्डिंग खो खो हसला. एवर्टनं मान खाली घालून दोर पुढे केला. बायकांनी खांदा दिला आणि खांब असा सरसर वर गेला, की एवर्टचाच तोल गेला. पूर्वीच्या उंचीचा खांबही असाच वर गेला असता.

संध्याकाळी बसथांब्यावर तो म्हणाला, "ताई, वरची खोली उघडलीय."

"पाहिली. पडदेसुद्धा धुतलेस." तिनं त्याच्या कोटाचं बटण लावलं. "माझं सगळं आता तिकडे शहरात आहे रे."

बस गेली. एवर्ट छपरामागे आला आणि त्या ताज्या तुकड्यावर बसला. उत्तरेकडचा उन्हाळी सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता. वरच्या खोलीच्या उघड्या खिडकीत धुतलेला पडदा आत-बाहेर हलत होता. खिडकी लावायला तो उठला नाही.