झंबेताची दुसरी खेप

संत योहानाच्या सणाला झऱ्यावरचं पाणी आणायचं ते कुमारिकेनंच, आणि चौकातल्या मडक्याचं तोंड बांधेपर्यंत अवाक्षर न काढता. तोंडातून शब्द निसटला की पाणी ओतून पुन्हा झरा गाठायचा. तरण्या पोरी सगळ्या शहरात गेलेल्या. गावात कुमारिका उरली होती एकच, झंबेता. वय वर्षं एकोणसाठ.

तिच्या तोंडाला कुलूप माहीतच नव्हतं. म्हातारी आर्गिरो म्हणाली, "ही गप्प राहिली तर बोकड दूध देईल!"

"बघाच तुम्ही," म्हणत झंबेता घागर घेऊन निघाली.

परतताना वळणावर इग्नातिस बसला होता. मधमाश्या पाळणारा, सहा वर्षांपूर्वी बायको गेलेला. पाणी आणणारीला बोलतं करायचं हे पुरुषांचं काम, आणि यंदा ते त्यानं आपणहून घेतलं होतं.

"झंबेता, तुझी वांग्याची भाजी म्हणजे निव्वळ मीठ गं."

"मग ताटली चाटूनपुसून परत केली ती कुणी, तुझ्या गाढवानं?"

झालं! शब्द गेला, पाणी गेलं. चरफडत ती पुन्हा डोंगर चढली.

दुसऱ्या खेपेला तिनं ओठ घट्ट मिटले होते. इग्नातिस उठला. त्यानं टोपी काढली, हातात चुरगाळली.

"आता चेष्टा नाही. माझ्याशी लग्न करशील?"

झंबेताचे पाय थबकले. भावांचे संसार उभे करता करता तिला हे विचारायचं सगळ्यांचंच राहून गेलं होतं. जिभेवर शंभर शब्द आले होते. तिनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती चालू लागली. तो मागोमाग.

चौकात तिनं मोठ्या मडक्यात पाणी ओतलं. बायकांनी नशीब पाहण्यासाठी आपापल्या अंगठ्या, बटणं आत सोडली. आर्गिरोनं मडक्याच्या तोंडावर लाल फडकं बांधलं, तशी झंबेता गर्रकन वळली.

"मधाच्या पेट्या अंगणात ठेवायच्या नाहीत. मला माश्यांची भीती वाटते."

"टेकडीपलीकडे नेतो," इग्नातिस म्हणाला.

"आणि माझ्या मिठाला नावं ठेवायची नाहीत."

"मुळीच नाही."

"मग करते."

आर्गिरोनं कपाळावर हात मारला. "अगं, आधी आम्हाला सांग तरी, काय करतेस ते!"

संध्याकाळी चौकात, मे महिन्यात दारांवर टांगलेले आणि आता सुकलेले हार रिवाजाप्रमाणे पेटवले. जाळावरून उडी मारायला गावाची रांग लागली; दोघांनी हात धरून मारली. इग्नातिसचा गुडघा कुरकुरला, झंबेताच्या घागऱ्याची कड करपली. ती मात्र हसत हसत पुन्हा रांगेत उभी राहिली.