वाचणाऱ्याची खुर्ची

मित्रांनो, शाळेच्या जिन्याखाली एक बुटकी खोली असते ना, मोडके बाक आणि गळक्या बादल्या ठेवायची? तिथे माझा मुक्काम आहे. मी लाकडी खुर्ची आहे, आता बरीच जुनी झालेली. सगळे मला 'बाईंची खुर्ची' म्हणत. गंमत अशी, की वर्गात बाई माझ्यावर कधी बसल्याच नाहीत.

एका म्हाताऱ्या सुताराने मला शाळेच्या आवारातच घडवलं. जुन्या दाराच्या फळ्या त्याने रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि माझे हात जरा जास्तच रुंद ठेवले. "मास्तरांना वह्या ठेवायला होतील," तो म्हणाला. पुढे कितीतरी वर्षं माझ्या हातांवर वह्यांचे ढीग आणि चहाचे कप असत. गणिताचे सर तर दुपारी माझ्यावर बसून डुलक्या घेत. मुलं पाढे म्हणत राहत. पाढे थांबले, की सरांना जाग येई.

मग भाषेच्या बाई आल्या. उंच, किडकिडीत, एका गुडघ्याने अधू. पहिल्याच दिवशी त्यांनी मला टेबलामागून ओढून वर्गाच्या मधोमध आणलं.

"ही वाचणाऱ्याची खुर्ची," त्या म्हणाल्या. "वाचेल तो राजा. राजा अडखळला तर प्रजेने थांबायचं. त्याचा शब्द कुणी पुरा करायचा नाही."

त्या वर्गात एक मुलगी होती. बोलताना तिची जीभ अडखळे. पहिलं अक्षर दाराशी घुटमळत राही, मग कधीतरी शब्द बाहेर पडे. मुलं तिला 'अडकित्ता' म्हणत. बाईंच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "अडकित्त्याला धार असते हं, जपून."

तिची पाळी आली, की ती माझे दोन्ही हात घट्ट धरून बसे. पाय जमिनीला टेकत नसत. शब्द अडला, की ती माझ्या लाकडावर बोटाने हळूच टकटक करी. बाई माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या असत, खिडकीबाहेर बघत, जणू त्यांना जगात कसलीच घाई नाही. वर्ग थांबे. शब्द येई. एका वर्षात ती अख्खा धडा वाचू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते.

मग वरून परिपत्रक आलं. शिक्षक वर्गात बसतात म्हणून मुलं मागे पडतात, असा शोध कुणाला तरी लागला होता. "शोध लावणारे बसूनच असतील," बाई पुटपुटल्या. सगळ्या वर्गांतून खुर्च्या काढायच्या होत्या.

मुख्याध्यापक सर स्वतः आले. भले गृहस्थ, पण कागदाला फार भिणारे.

"सर, मी हिच्यावर बसतच नाही," बाई म्हणाल्या.

"मग नेली तर काय बिघडलं?"

"मुलं बसतात वाचायला."

"बाई, वरून आलंय."

"वरून पाऊसही येतो, सर. आपण छत्री उघडतोच ना?"

सर कसनुसं हसले आणि शिपाईकाकांनी मला उचललं. बाकीच्या खुर्च्या कार्यालयात पाहुण्यांसाठी ठेवल्या. माझा एक पाय डुगडुगत होता, म्हणून मी जिन्याखाली आले.

ही खोली त्या वर्गाला लागूनच आहे. भिंतीपलीकडचे आवाज मला ऐकू येत. मी रोज तिच्या आवाजाची वाट पाही. एकदा तिला उभं राहून वाचायला सांगितलेलं ऐकलं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं आणि मग काहीच नाही. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलाच नाही. अंधाराची सवय होते, मित्रांनो. पण ओळखीच्या आवाजाने गप्प होण्याची सवय होत नाही.

मग एका मधल्या सुट्टीत दार करकरलं. बाई त्या मुलीला घेऊन आल्या होत्या. बाईंनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली, डुगडुगत्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. "बस," त्या म्हणाल्या. "प्रजेत मी आणि या बादल्या."

तेव्हापासून ती रोज येई. बाई दाराला टेकून उभ्या राहत, कधी गुडघा चोळत.

तपासणीचे साहेब आले, त्या दिवशीही ती वाचत होती. आवाज ऐकून त्यांनी दार ढकललं.

"हे काय चाललंय?"

"वाचन," बाई म्हणाल्या.

"अडगळीत?"

"खुर्ची अडगळीत आहे, साहेब."

मुलगी उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला. "सा... सा..."

"साहेब, हो ना? बरं बरं, शहाणी आहेस." त्यांनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि ते निघून गेले.

दार लागल्यावर तिने माझा हात पकडला, बोटाने टकटक केली आणि वाक्य पुरं केलं. "सा... सारा हट्ट माझा आहे, बाईंचा नाही."

ते ऐकायला फक्त बाई होत्या आणि मी.

थोड्याच दिवसांत बाईंची बदली झाली. शेवटच्या दिवशी दोघी आल्या. मुलगी सवयीने माझ्याकडे वळली, तर बाईंनी तिला थांबवलं. "आज गुडघा फार दुखतोय गं," असं म्हणून त्या स्वतः माझ्यावर बसल्या. सगळं अंग सैल सोडून, डोळे मिटून. इतकी वर्षं त्यांचा फक्त हात माझ्या ओळखीचा होता.

मुलगी उभ्यानेच वाचू लागली. माझ्या आधाराशिवाय. ती दोन-तीनदा अडली, पण थांबली नाही. बाईंनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या गालांवरून ओघळलेलं पाणी माझ्या हातावर पडलं.

त्यानंतर इथे वाचायला कुणी आलं नाही. ती मुलगीही शाळा संपवून गेली. मध्यंतरी नवं परिपत्रक आलं म्हणे. प्रत्येक वर्गात वाचनकोपरा हवा आणि त्यात आकर्षक खुर्ची हवी. शाळेने प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या आणल्या. उद्घाटनाचा फलक टांगायला शिपाईकाकांना काहीतरी उंच हवं होतं. तेव्हा त्यांनी मला बाहेर नेलं, माझ्यावर उभं राहून खिळा ठोकला आणि परत आणून ठेवलं.

मित्रांनो, मला पॉलिश करा, वर्गात न्या, असं मी म्हणणार नाही. लाकूड आहे मी, निभावून नेईन. पण तुमच्या वर्गात कुणी बोलताना अडलं, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. जरा खिडकीबाहेर बघा. त्याला काय म्हणायचंय, ते तुम्हाला ठाऊक नसतं.