फॉगलाइटचा अर्थ

ताई नर्स, आणि तिचा दवाखाना घाटापलीकडे. गेल्या आठवड्यात पहाटेच्या धुक्यात तिच्या गाडीचं डावं चाक रस्ता सोडून कडेला उतरलं. तेव्हापासून ती निघाली की आई दारातून हलत नाही. "काय अर्थ आहे असल्या नोकरीत?" हे पालुपद चालूच. शेवटी ताईच म्हणाली, "उद्याही रस्ता दिसला नाही, तर सोडते."

फॉगलाइट मी आणले आणि बसवायलाही मीच बसलो. नसती हौस. दुपारभर बंपरखाली आडवं पडून वायरी जोडल्या. बटण दाबलं. दिव्यांना वीज सोडणारा रिले टक् वाजला, दिवे ढिम्म.

मामांना फोन लावला. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्यांचा जन्म गेला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे सध्या ते मुलीकडे होते.

"सगळं जोडलंय मामा, लागत नाहीत."

"अर्थ आहे का त्याला?"

माझं डोकंच फिरलं. "ताईच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि तुम्हीही आईसारखंच बोलता?"

मामा खोकला लागेपर्यंत हसले. "अरे शहाण्या, अर्थ म्हणजे अर्थिंग, ती काळी वायर. कुठे दिलीस?"

"बोल्टखाली आवळलीय."

"रंगावरच ना? रंग खरवड. लोखंड दिसू दे."

"पण तिथून बॅटरीपर्यंत परतीची वायर कुठाय?"

"नसतेच. अख्खी गाडीच परतीची वाट."

मी बॉनेटवर हात ठेवला. इतकी वर्षं ही गाडी धुतली, चालू झाली नाही तर लाथाही घातल्या. आणि दिवा, हॉर्न, वायपर, सगळ्यांची वीज याच पत्र्यातून मुकाट घरी परतत होती. मी थक्क झालो. मग पॉलिश पेपरने रुपयाएवढा रंग काढला, बोल्ट आवळला आणि बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले. मी मात्र कितीतरी वेळ त्या चकचकीत ठिपक्याकडेच बघत होतो.

पहाटे धुकं दाट होतं. हेडलाइटने ते नुसतं पांढरं व्हायचं. ताईने फॉगलाइट लावले. उजेड खाली, जमिनीलगत पसरला आणि रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ उमटली. ती दूरवर जात होती.

"कड दिसतेय रे," ताई हळूच म्हणाली आणि निघाली.

गाडी अजून वळणावर पोचली नव्हती. आईने दारातून पाय काढला आणि चहा टाकायला आत गेली.