अर्धा इंच

बायकोचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा तिच्या एकवीस किलोमीटर पळण्याच्या शर्यतीला सात आठवडे उरले होते आणि माझ्या टेबलावर एकाच लग्नाचे अकरा सूट पडले होते. त्यामुळे पहिला आठवडा मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. ती शाळेत गणित शिकवते. दिवसभर फळ्यासमोर उभं राहून पाय दुखायचेच, असं म्हणून मी मोकळा झालो. माझा स्वतःचा पळण्याशी संबंध बस चुकायची वेळ येते तेवढ्यापुरताच.

पण गुडघा ऐकेना. बारा किलोमीटरपर्यंत ठीक, तेराव्याला बाहेरच्या बाजूने कळ. बर्फाच्या पिशव्या झाल्या, पट्टा झाला, भिंतीला टेकून बसायचे व्यायाम झाले. जिना उतरताना ती कठडा धरून आडवी उतरायला लागली. फिजिओथेरपिस्ट बाई गुडघा दाबून, वाकवून बघायच्या आणि मांड्या बळकट करा म्हणायच्या. बायकोने त्या इतक्या मनावर घेऊन बळकट केल्या की मला तिच्या दोन पँटी उसवून मांडीत सैल कराव्या लागल्या. कळ मात्र तिथल्या तिथेच. शेवटी महिना उरला असताना बाईंनी सांगून टाकलं, की पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर एकवीस किलोमीटरचा नाद सोडा.

त्या संध्याकाळी जेवता जेवता ती म्हणाली, "मुळात मी वेंधळीच. दादा म्हणायचा ना, हिला पळायला लावू नका, बदकासारखी झुलते. शाळेच्या सगळ्या शर्यतींत मी वेळ लिहायला बसायचे. मला वाटलं पन्नाशीत तरी जमेल."

हे ती हसत म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. पण सव्वीस वर्षांच्या संसारात तिचं कुठलं हसणं खरं ते मला कळतं. शिवाय ती का झुलते हे मला माहीत होतं.

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच आखूड आहे. लग्नानंतर तिची पहिली पँट शिवायला घेतली तेव्हाच ते टेपवर दिसलं. मी दोनदा मोजलं आणि गप्प बसलो. माझे वडीलही शिंपी. त्यांनी माझ्या गळ्यात टेप अडकवली त्याच दिवशी बजावलं होतं, की गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. एक खांदा उतरता असेल तर तिथे गुपचूप जादा पॅड घालायचं, पोट सुटलं असेल तर कापड सैल सोडायचं. बायकोशीही मी तसाच वागलो. सव्वीस वर्षं तिच्या प्रत्येक पँटचा डावा पाय अर्धा इंच जास्त दुमडत आलो. तयार कपडे तिला कधी धड बसत नाहीत आणि माझे बसतात, म्हणून ती बहिणींना कौतुकाने सांगते, आमच्या यांच्या हाताला गुण आहे. मी मख्खासारखा ऐकून घेतो.

त्या अर्ध्या इंचाचा गुडघ्याशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती कापडाची गोष्ट होती आणि कापडातच मिटली होती.

ती भांडी घासत होती तिथे जाऊन मी सगळं सांगून टाकलं. तिने नळ बंद केला. ती चिडेल अशी मी तयारी ठेवली होती, पण तिने शांतपणे विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या पँटपासून."

"आणि मी इतकी वर्षं स्वतःला वेंधळी समजत होते," ती म्हणाली आणि पुन्हा नळ सोडला.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला फार लागलं ते. वडिलांचाही राग आला, पण ते काही आता भांडायला नव्हते, आणि तोंड तर मीच मिटून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाच्या कपाशेजारी एक कागद ठेवला. एकवीस किलोमीटर म्हणजे सव्वीस हजार पावलं, त्यातली डावी तेरा हजार, दर पावलाला अर्धा इंच. खाली दोन रेघा मारून उत्तर लिहिलं होतं, एकशे पासष्ट मीटर.

"पन्नास मजले होतात," ती म्हणाली. "एवढं मी एका पायाने खाली उतरते आणि भार बिचारा उजवा गुडघा उचलतो." गणित सुटलं की तिचा राग निम्मा उतरतो, हे तिच्या वर्गातल्या पोरांनाही ठाऊक आहे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिच्या पायाखाली लाकडी पट्ट्या ठेवून मोजलं. अर्धा इंचच निघाला. हे आधीच आपल्या लक्षात यायला हवं होतं, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या. एकदम सगळी उंची भरायची नाही, आधी एक पातळ थर, आठवड्याने दुसरा, आणि शर्यतीत तीन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, अशी अट घालून त्यांनी परवानगी दिली. कोटाच्या कॉलरला खालून लावतो त्या जाड फेल्टचा तळवा मी कापला आणि तिच्या डाव्या बुटात बसवला. रोज ती पळून आली की मी दारातच विचारायचो, कितव्याला दुखलं? चौदाव्याला. मग सोळाव्याला. या भानगडीत सूट चार दिवस उशिरा गेले. नवरदेवाच्या मामांनी मला नाही नाही ते सुनावलं.

शर्यतीच्या दिवशी मी एकोणिसाव्या किलोमीटरला जाऊन उभा राहिलो. सगळं गाव पुढे निघून गेल्यावर ती आली. झुलतच येत होती, चेहरा पांढरा पडला होता. दुखतंय का विचारलं तर हो म्हणाली. घरी जायचं का विचारलं तर नाही म्हणाली, आणि मला सोबत यायला सांगितलं. मी इस्त्रीच्या पँटवर, चामड्याच्या बुटांत, फुटपाथवरून तिच्या बाजूने निघालो. ती पळायला लागली की मीही पळायचो. असं करत विसावा किलोमीटरही मागे पडला.

"अजून काय काय लपवलंय?" तिने विचारलं.

उजवा खांदा पाव इंच खाली आहे, मी धापा टाकत सांगितलं. आणि कंबर दर दोन वर्षांनी अर्धा इंच वाढते, ती मी शिवणीतून सोडत आलोय. ती इतकी हसली की तिला चालावं लागलं.

"आणखी?"

शेवटची कमान समोर दिसत होती. माझा श्वास संपत आला होता.

"तू सुंदर दिसतेस," मी म्हणालो. "पहिलं माप घेतलं तेव्हापासून. अंगाबद्दल बोलायचं नाही म्हणून तेही कधी बोललो नाही."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले.

"हे मात्र आधी सांगायला हवं होतं," ती म्हणाली आणि पळत सुटली. मी जिवाच्या आकांताने मागे धावलो, पण कमानीपर्यंत काही तिला गाठता आलं नाही.